पाटी कॉन्व्हेंटची, शिक्षण कोणासाठी?

आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' हा शब्द कसा वापरतात, जरा आठवून बघा. "पोरगं कॉन्व्हेंटला टाकलंय," असं एखादा बाप चहाच्या टपरीवर सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला सगळं कळतं. म्हणजे इंग्लिश मीडियम. म्हणजे टाय, काळे बूट, दारात येणारी पिवळी बस. म्हणजे फी. आणि म्हणजे हा माणूस आता झेडपीच्या शाळेत लेकरं पाठवणाऱ्यांतला राहिला नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याने जाताना शाळांच्या पाट्या वाचा. देवाचं नाव, आजोबांचं नाव, संस्थाचालकांच्या मातोश्रींचं नाव, आणि त्याच्यापुढे 'कॉन्व्हेंट'. आत ना एखादी सिस्टर असते, ना जवळपास चर्च. शब्द तेवढा उचलून आणलाय, कारण तो विकला जातो.

आता या शब्दाचा मूळ अर्थ. कॉन्व्हेंट म्हणजे कॅथलिक सिस्टर्सचं राहण्याचं घर. ज्या बायका गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात, ज्यांच्या नावावर काही नसतं, अशा बायका जिथे एकत्र राहतात ती जागा. त्यांनी शेजारी शाळा काढली म्हणून ती कॉन्व्हेंटची शाळा. हळूहळू 'ची शाळा' गळून पडलं आणि कॉन्व्हेंट उरलं. मग गरिबीचं व्रतही गळून पडलं आणि टाय उरला. ज्या शब्दाचा अर्थ 'आमच्याकडे स्वतःचं काही नाही' असा होता, तोच शब्द आज 'आम्हाला परवडतं' हे सांगायला वापरला जातो. मला यात नुसती गंमत दिसत नाही.

मी ख्रिस्ती नाही. मास कॉमला असताना एका असाइनमेंटसाठी आपल्या भागातल्या कॅथलिक समाजाबद्दल वाचायला घेतलं आणि या एका शब्दावर अडकले. आपला जिल्हा ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो, तो १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. इथला कॅथलिक माणूस हिंदी सिनेमातल्या फ्रॉक घालणाऱ्या ख्रिश्चनासारखा अजिबात नसतो. आडनावं आपलीच, बोली आपलीच, भाकरी ज्वारीचीच. यातली पुष्कळ घरं एके काळी गावकुसाबाहेरची. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी शाळा बाहेरून पाहिली, त्यांच्या हातात मिशनच्या माणसांनी पाटी-पेन्सिल दिली. म्हणजे बघा, आपल्याच जिल्ह्यात 'मिशनची शाळा' याचा जुना अर्थ 'ज्यांना कोणी बसू देत नाही त्यांची शाळा' असा होता. आणि 'कॉन्व्हेंट'चा नवा अर्थ 'जिथे सगळ्यांना बसता येत नाही अशी शाळा' असा झालाय. हे दोन्ही एकाच परंपरेच्या नावावर कसं काय चालतं?

म्हणून या परंपरेतली मोठी माणसं शिक्षणाकडे कशी बघत होती, ते शोधलं. सुरुवात लांबून करायची गरजच पडली नाही. आपल्या महाराष्ट्रातच एक संत आहे, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना त्याचं नाव माहीत नसतं.

गोन्सालो गार्सिया. वसईत जन्म, साधारण १५५६-५७चा. बाप पोर्तुगीज, आई इथली कोकणातली. वसईत जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला आणि पोरवयातच, पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे जपानी भाषा पटापट शिकला. धर्मशिक्षक म्हणून गावोगाव बोलू लागला. लोकांना आवडला. साहजिकच त्याला वाटलं की आपण जेझुइट व्हावं. पण ते काही झालं नाही. वर्षं गेली, त्याला संघात घेतलंच नाही.

इथे थांबून विचार करा. तुम्ही एका कंपनीत आठ वर्षं काम करताय, त्या देशाची भाषा तुमच्याइतकी तिथे फार कमी जणांना येते, आणि तरी तुम्हाला कायम करत नाहीत. आपण काय केलं असतं? लिंक्डइनवर लांबलचक पोस्ट टाकली असती.

गोन्सालो मकाऊला गेला आणि व्यापारी झाला. चांगला जम बसला. मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात सामील झाला, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, 'ब्रदर' म्हणून. कॅथलिक व्यवस्थेत फादर आणि ब्रदर यांत फरक असतो. फादर मिस्सा करतो, पापकबुली ऐकतो, वेदीवर उभा राहतो. ब्रदर बाकीची कामं करतो. स्वयंपाक, दार, बाग, आजाऱ्यांची सेवा. पैसेवाला व्यापारी आपणहून त्या जागी जाऊन बसला.

१५९३ साली मनिलाहून पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानला निघाले. जपानचा त्या वेळचा सत्ताधीश होता टोयोटोमी हिदेयोशी. त्याच्याशी बोलायचं तर जपानी येणारा माणूस हवा. तेव्हा या ब्रदरला बरोबर घेतलं. म्हणजे त्याची सगळी विद्या, इतक्या वर्षांची जपानी, कशासाठी कामाला आली? दुसऱ्याचं बोलणं पोहोचवण्यासाठी. दुभाष्याचं काम विचित्र असतं बघा. सगळं तुम्हीच बोलत असता, पण त्यातलं काहीच तुमचं नसतं. चांगला दुभाषी तो, ज्याचं अस्तित्व दोघंही विसरून जातात. नम्रतेची एवढी नेमकी व्याख्या मला कुठल्याच प्रवचनात सापडली नाही.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. १५९७च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यात युरोपियन होते, जपानी होते, बारा-तेरा वर्षांची मुलं होती आणि आपला वसईकर होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. ज्याला आयुष्यभर फादर होता आलं नाही, त्याच्या नावाच्या मार्कशीट आज निघतात.

दुसरा माणूस त्याच्याच काळातला, पण उलट दिशेने आलेला. थॉमस स्टीफन्स. इंग्रज. १५७९ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत याच भागात राहिला. याने काय केलं? मराठी शिकला. नुसती बाजारापुरती नाही. ओवी लिहिण्याइतकी. १६१६ साली राचोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. कोंकणीचं व्याकरणही त्याने लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापून आलं. आपले संतकवी ज्या छंदात लिहीत होते, तोच छंद या इंग्रजाने घेतला, कारण समोरच्या माणसाच्या कानाला तो ओळखीचा होता.

हे लिहिताना एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. त्याच काळात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली होती, १५६० पासून इन्क्विझिशन सुरू होतं. स्टीफन्सचा हेतूही धर्मप्रसाराचाच होता. त्याच्या पुस्तकामुळे त्या जखमा पुसल्या जात नाहीत. पण शिक्षणाचा मुद्दा वेगळा आहे. एक शिकलेला इंग्रज मराठी बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचायला स्वतः विद्यार्थी झाला, चाळीस वर्षं राहिला. आणि चारशे वर्षांनी आपण 'कॉन्व्हेंट' नावाच्या ठिकाणी पैसे भरून लेकरांना मराठी बोलल्याबद्दल दंड लावून घेतो! (लावतात हो अजूनही. तुमच्या ओळखीत विचारा.)

भाषेचा विषय निघालाच आहे तर फ्रान्समधले जाँ-बाप्तिस्त द ला साल यांचं सांगते. १६५१ साली श्रीमंत घरात जन्म, धर्मशास्त्रात डॉक्टरेट, रँसच्या कॅथीड्रलमध्ये मानाचं पद. त्यांनी गरीब पोरांसाठी फुकट शाळा काढायला मदत सुरू केली आणि लक्षात आलं की मास्तर लोकच अर्धपोटी आहेत. मग ते मानाचं पद सोडलं, पैसाही वाटून टाकला आणि मास्तरांबरोबर राहायला गेले. त्या काळी शाळेत वाचायला शिकवायचं तर लॅटिनपासून, कारण शहाण्यांची भाषा ती. यांनी सांगितलं, पोरांना आधी फ्रेंच शिकवा, त्यांची स्वतःची भाषा. चर्चने त्यांना १९०० साली संत केलं, १९५० साली शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलं. कॅथलिक चर्च ज्याला शिक्षकांचा संत मानतं, तो माणूस मातृभाषेचा आणि फुकट शाळेचा आग्रह धरणारा होता. आपल्या 'कॉन्व्हेंट'वाल्यांनी यांचा फोटो लावला, तर फीच्या काउंटरजवळ तरी लावू नये.

आता तुमच्या-माझ्या जास्त जवळचा माणूस. जाँ मारी व्हियानी. १७८६ साली शेतकऱ्याच्या घरात जन्म. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत धड शाळा झालीच नाही. वीस वर्षांचा घोडा झाल्यावर धर्मगुरू व्हायचं म्हणून लॅटिन शिकायला बसला, लहान पोरांच्या शेजारी. डोक्यात शिरेना. सेमिनरीत परीक्षेत अडकला, बाहेर काढलं. एका म्हाताऱ्या फादरने त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणून कसाबसा १८१५ साली धर्मगुरू झाला. पोस्टिंग कुठे? आर्स नावाच्या खेड्यात, दोन-अडीचशे माणसांच्या वस्तीत. आपल्या भाषेत सांगायचं तर एटीकेटीवर पास झालेल्याला आडवळणाचं गाव दिलं.

त्या गावात फ्रान्सभरातून माणसं येऊ लागली. कबुलीच्या खोलीत हा माणूस दिवसाचे कित्येक तास बसायचा. पण मला त्याची दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १८२४ साली या नापास माणसाने त्या खेड्यात मुलींसाठी फुकट शाळा काढली. स्वतःला शिक्षणाने एवढा त्रास दिला, तर तो 'शिकून कोणाचं भलं झालंय' असं म्हणत बसू शकला असता. गावागावात असं म्हणणारे काका असतात. तो म्हणाला नाही. त्याला माहीत होतं, अक्षर न येण्याने काय होतं ते.

नम्रतेच्या नावाखाली शिक्षणाला कमी लेखणं हा प्रकार कॅथलिक परंपरेत नाही, हे मला वाचताना पुन्हा पुन्हा दिसत गेलं. त्यांच्याकडे 'डॉक्टर ऑफ द चर्च' अशी एक पदवी आहे. ज्यांच्या विचारातून सगळ्या चर्चने शिकावं अशा संतांना ती मरणोत्तर देतात. दोन हजार वर्षांत अशी जेमतेम ३८ नावं झाली. अडतिसावं नाव १ नोव्हेंबर २०२५ रोजी आलं, जॉन हेन्री न्यूमन यांचं. ऑक्सफर्डचे विद्वान, विद्यापीठ म्हणजे काय यावर त्यांचं पुस्तक आजही शिकवतात. आणि त्याच यादीत सिएनाची कॅथरिन आहे. चौदाव्या शतकातल्या रंगाऱ्याची मुलगी, वीस-पंचवीस भावंडांतली, शाळेचं तोंड न पाहिलेली. पत्रं तोंडी सांगायची, दुसरे लिहून घ्यायचे. त्यातली काही पत्रं थेट पोपला होती, आणि गुळमुळीत अजिबात नव्हती. तिला १९७० साली डॉक्टर म्हटलं. लिझ्यूची तेरेज तर पंधराव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये गेली, चोवीसाव्या वर्षी क्षयाने वारली. ती १९९७ साली डॉक्टर झाली. ऑक्सफर्डचा विद्वान आणि निरक्षर वाढलेली पोर एकाच बाकावर. आपल्याकडे अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे, ते आठवा म्हणजे ही गोष्ट परकी वाटणार नाही. हातात झाडू आणि शाळा-वसतिगृहांसाठी पैसे गोळा करणारा, स्वतः शाळेत न गेलेला माणूस.

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस यांची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची. अख्ख्या युरोपात त्यांच्याएवढा अभ्यास कोणाचा नव्हता. १२७३च्या डिसेंबरात एका सकाळी मिस्सा करताना त्यांना काहीतरी अनुभव आला आणि त्यांनी लिहिणं थांबवलं. आपण लिहिलेलं सगळं आता गवताच्या काडीसारखं वाटतं, असं काहीसं ते सहकाऱ्याला म्हणाले. मोठा ग्रंथ अर्धवट राहिला. ही गोष्ट सांगून काही लोक म्हणतात, बघा, ज्ञान म्हणजे कचरा. मला हे पटत नाही. आयुष्यभर डोंगर चढलेल्या माणसाने वरून बघून 'मी केवढासा' म्हणणं वेगळं, आणि पायथ्याशी बसून 'डोंगरात काय ठेवलंय' म्हणणं वेगळं. काडी म्हणायचा हक्क त्यांनी कमावला होता.

इथे मला एक आडवा प्रश्न विचारायचाय, आणि आपल्या शहरात राहून तो न विचारणं शक्यच नाही. नम्रता शिकवायची कोणाला?

ज्यांना शतकानुशतकं वाकायलाच लावलं, त्यांच्यापुढे नम्रतेचं प्रवचन म्हणजे क्रूर चेष्टा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, ते मराठवाड्यातल्या दलित पोरांनी ताठ मानेनं उभं राहावं म्हणून. ज्या विद्यापीठातून मी पदवी घेतली त्याच्या दारावर त्यांचं नाव लागायला १९९४ची १४ जानेवारी उजाडावी लागली, आणि त्याआधी किती घरं जळाली ते आपल्या आजी-आजोबांना विचारा. म्हणून कोणी 'पदवीचा गर्व नको' असं मला सांगितलं, तर मी आधी बघते की कोण कोणाला सांगतंय. घरातली पहिली पदवीधर मुलगी कॉन्व्होकेशनच्या काळ्या गाऊनमध्ये फोटो काढून व्हॉट्सॲपच्या डीपीला लावते, त्याला मी गर्व म्हणणार नाही. लाव बाई, मोठा करून लाव.

वर सांगितलेल्या माणसांच्या आयुष्यात मला दिसलेली नम्रता वरून खाली येणारी आहे. व्यापारी ब्रदर झाला. डॉक्टरेटवाला मास्तरांत राहायला गेला. इंग्रज मराठीचा विद्यार्थी झाला. मदर तेरेसा कोलकात्यात एंटालीच्या लोरेटो शाळेत भूगोल शिकवायच्या, तिथे मुख्याध्यापिकाही होत्या. १९४८ साली त्यांनी ते कॉन्व्हेंट सोडलं आणि मोतीझीलच्या वस्तीत काडीने जमिनीवर अक्षरं काढून शाळा सुरू केली. शिक्षिका त्याच. बदललं ते समोर कोण बसलंय हे. ज्याच्याकडे आहे त्याने खाली उतरायचं. ज्याच्याकडे नाही त्याला 'खालीच थांब' म्हणायचं नाही. या दोन वाक्यांतला फरक पुसला की धर्म कुठलाही असो, त्याचा जातीसाठी वापर सुरू होतो.

आणि हाच मुद्दा मला खुद्द कॅथलिक संस्थांपुढेही ठेवायचाय. आरटीई, म्हणजे २००९चा शिक्षणहक्क कायदा, सांगतो की खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरातल्या मुलांना द्यायच्या. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने त्यांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिलाय म्हणून. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालावरच शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे पाठवला.

कोर्टात काय व्हायचं ते होईल. ३०वं कलम गरजेचं आहे, असंच माझं मत आहे. अल्पसंख्याकांच्या संस्थांवर सरकारने केव्हाही हात टाकावा, असं मला अजिबात वाटत नाही. पण कायद्याने सूट दिली म्हणून श्रद्धेनेही सूट दिली का? व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर एक जाहीरनामा काढला. त्यात कॅथलिक शाळांनी विशेष काळजी कोणाची घ्यावी तेही सांगितलंय: गरिबांची, घराचा आधार नसलेल्यांची, आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांचीही. हे कोर्टाने नाही, त्यांच्याच बिशपांनी एकत्र बसून लिहिलं. शहरातली एखादी नामांकित मिशनरी शाळा घ्या, कुठल्याही शहरातली. तिच्या पहिलीच्या वर्गात धुणीभांडी करणाऱ्या बाईचं लेकरू बसलंय का? काही शाळांत बसलंय, कारण तिथल्या सिस्टरने फी गुपचूप माफ केलेली असते आणि त्याचा गाजावाजा होत नाही. खेड्यांत मराठी माध्यमाच्या शाळा आणि वसतिगृहं चालवणारे फादर-सिस्टर्स आहेत, त्यांचे फोटो कुठल्या पुरवणीत येत नाहीत. पण काही शाळांत ते लेकरू नाही, आणि नसल्याचं कोणाला काही वाटतही नाही. कॅथलिक शाळेने आरटीईच्या सक्तीची वाट न बघता चौथा हिस्सा आपणहून राखला, तर तिला कोण अडवणार आहे? ला साल तर नक्कीच नाही.

आणखी एक. दलित ख्रिस्ती मुलगा शाळेत हुशार निघाला तरी पुढे त्याच्या वाटेत १९५० सालचा राष्ट्रपतींचा आदेश उभा असतो. हिंदू, शीख आणि बौद्ध सोडून इतर धर्मांतल्या दलितांना अनुसूचित जातीत धरत नाहीत. धर्म बदलला, पण गावाने त्याचं घर कुठे आहे हे विसरायचं नाकारलं. त्याच्या स्कॉलरशिपचा प्रश्न त्याच्याच चर्चच्या मोठ्या शाळांच्या व्यासपीठांवर किती वेळा निघतो, हेही बघायला हवं.

बरं, चर्चला बोलणं सोपं. आपलं काय? करमाडच्या शेजारी शेंद्रा एमआयडीसी आहे. तिथे गेटवर उभे राहणारे बीए, एमए भेटतील. माझ्या बॅचचे काही जण पुण्यात आहेत, काही घरी आहेत आणि फोन उचलत नाहीत. शिक्षणाची किंमत पॅकेजमध्येच मोजायची ठरली, तर आपल्यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण शून्य भावाने गेलं. घरचे तसं म्हणतातही. मला त्या हिशोबावर पूर्ण अविश्वास दाखवायचा नाही, कारण फीचं कर्ज प्रवचनाने फिटत नाही. नोकरी हवीच. पण गोन्सालोची जपानी नोकरी लावून द्यायला उपयोगी पडली नाही, तरी ती वाया गेली असं चारशे वर्षांत कोणी म्हटलेलं नाही.

आपल्याला येतं काय, याची यादी करा. फॉर्म वाचता येतो. पीडीएफ दोनशे केबीच्या आत बसवता येते. साहेबाला अर्ज लिहिता येतो. ज्याला हे येत नाही त्याच्यासाठी आपण दुभाषीच आहोत, सरकारची भाषा आणि घरची भाषा यांच्या मधले. आरटीईचाच फॉर्म घ्या. तो ऑनलाइन भरायचा असतो. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला किंवा एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला. मग नकाशावर घराच्या जागी पिन टाकायची, कारण शाळेचं अंतर त्यावरून मोजतात. पिन पलीकडच्या शिवारात पडली की शाळांची यादीच बदलते. ज्या आईने आयुष्यात नकाशा उघडला नाही, तिच्या लेकराचा पहिलीचा प्रवेश त्या पिनवर असतो.

येत्या वेळी फॉर्म सुटले की करमाडला आम्ही चार-पाच जण दर रविवारी सकाळी बसणार आहोत, पैसे न घेता. शेजारच्या गावांतून कोणी येणार असेल तर चालेल, पळवून लावणार नाही. लॅपटॉप असेल तर घेऊन या, आमच्याकडे दोनच आहेत. आणि दाखल्यांच्या झेरॉक्स कुठे स्वस्त मिळतात ते माहीत असेल, तर तेही सांगा.